भिंतीतली माणसं

ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मधलं माझं सगळ्यात लाडकं पात्र म्हणजे पार्सन्स. नायक विन्स्टन स्मिथच्या मजल्यावर राहणारा, त्याच्याच खात्यात नोकरी करणारा, स्थूल, घामेजलेला, सदा उत्साहात. वर्गणी गोळा करणार, पताका लावणार, पोरांचं कौतुक सांगून समोरच्याला जेरीस आणणार. असा एक गृहस्थ आपल्याकडे प्रत्येक गणेश मंडळात असतो आणि खरं सांगायचं तर त्याच्यावाचून मांडव उभा राहत नाही. कादंबरीच्या शेवटाकडे हाच पार्सन्स कोठडीत येऊन पडतो. गुन्हा काय, तर झोपेत तो ‘बिग ब्रदर मुर्दाबाद’ असं, म्हणजे त्या राजवटीच्या सर्वोच्च नेत्याविरुद्ध, बरळला. कळवलं कुणी? त्याच्या सात वर्षांच्या लेकीनं, दाराला कान लावून ऐकून. आणि पार्सन्सला तिचा राग नाही! पोरीवर आपण चांगले संस्कार केले याचा त्याला अभिमान वाटतो आहे.

कॉलेजात असताना फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीतून ही कादंबरी आणून मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा पार्सन्स माझ्या लक्षातही राहिला नव्हता. भिंतीवरून माणसावर पाळत ठेवणारा टेलिस्क्रीन, एकशे एक नंबरची खोली, ते उंदीर, हेच मैत्रिणींना सांगत सुटले होते. वरती कुणीतरी एक दुष्ट बसलाय आणि खाली आपण सगळे गरीब बिचारे, ही मांडणी त्या वयाला फार सोयीची असते. आता अशी पुस्तकं पुन्हा काढून वाचते तेव्हा वरच्या माणसाबद्दल लेखकांना तितकंसं सांगायचंच नव्हतं असं वाटत राहतं. बिग ब्रदर तर त्या कादंबरीत एकदाही प्रत्यक्ष येत नाही. तो आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. येतात ते शेजारी, सहकारी, बायका, नवरे, पोरं.

विन्स्टनही काही धुतल्या तांदळासारखा नाही. जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करायची, म्हणजे कालचं खोटं आजच्या खोट्याशी जुळवून घ्यायचं, ही त्याची नोकरी. आणि ही नोकरी त्याला आवडते! एका प्रसंगी तो कॉम्रेड ऑगिल्वी नावाचा एक शहीद नुसत्या कल्पनेतून जन्माला घालतो, त्याचं बालपण, पराक्रम, मरण सगळं रचतो, आणि लेखकाला चांगला परिच्छेद जमल्यावर होतो तसा खूश होतो. ज्या यंत्राचा त्याला मनातून तिटकारा आहे, त्याचा तो कुशल कारागीर आहे. ऑर्वेलने हे पान लिहिलं नसतं तर ती कादंबरी माझ्या लेखी निम्मी झाली असती.

ब्रॅडबरीच्या ‘फॅरेनहाइट ४५१’मध्ये (१९५३) पुस्तकं जाळणारे बंबवाले सगळ्यांना ठाऊक असतात. मला त्यातला एक वेगळाच प्रसंग भीतिदायक वाटतो. त्यातलाच एक बंबवाला, माँटॅग, पळतोय, यांत्रिक कुत्रा मागे लागलाय, आणि टीव्हीवरून सगळ्या वस्तीला सांगितलं जातं की आता दहापर्यंत आकडे मोजू, दहा म्हणताच प्रत्येकाने आपापलं दार उघडून बाहेर बघायचं. पळणारा माणूस लपणार कुठे? गोळी नाही, लाठी नाही, नुसती दारं उघडायची. त्याच्या घरात पुस्तकं आहेत ही तक्रारही आधी बायकोने आणि तिच्या मैत्रिणींनीच केलेली असते. शिवाय बंबवाल्यांचा कॅप्टन त्याला नीट समजावून सांगतो की हे सरकारने वरून सुरू केलं नाही बाबा, लोकांनी आधी वाचणं सोडलं, बंदी नंतर आली.

मार्गारेट अ‍ॅटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) एक घरगुती प्रसंग आहे. एका दिवसात देशातल्या सगळ्या बायकांची बँकखाती गोठवली जातात, नोकऱ्या जातात. पैसे बुडत नाहीत, नवऱ्याच्या नावावर होतात. नायिकेचा नवरा चांगला माणूस आहे. तो तिला जवळ घेतो, मी आहे ना, म्हणतो. आणि तिच्या मनात येतं, याला हे फारसं खटकलेलं नाही. कदाचित थोडं आवडलंच असावं. गणवेश, फाशी दिलेल्यांची भिंत, ते विधी हे सगळं एकीकडे ठेवा, मला ती दोन वाक्यं पुरतात. अ‍ॅटवुडने स्वतःवर एक अट घालून घेतली होती, की इतिहासात कुठे ना कुठे घडून गेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. तो नवरा कुठल्या देशातून उचलला हे काही शोधत बसावं लागत नाही.

हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’बद्दल मी इथे लिहीत नाही. त्यातल्या, माणसांना गुंगवून खूश ठेवणाऱ्या सोमाच्या गोळीची मोबाइलशी तुलना इतक्यांनी करून झाली आहे की त्या गोळीचा गुण गेला.

तर माझं म्हणणं असं, की या पुस्तकांमधली सत्ता वरून खाली येते त्यापेक्षा जास्त आडवी पसरते. पुण्याच्या माणसाला हे इंग्रजी कादंबऱ्यांतून शिकायला नको, कारण आपल्या रंगभूमीवर ही गोष्ट बारा-पंधरा माणसं एका ओळीत उभी करून कधीच दाखवून झाली आहे.

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात झाला. मी पाहिला तो पुष्कळ नंतरचा. नाना फडणवीस, घाशीराम, त्याची लेक गौरी यांची गोष्ट तेंडुलकरांच्या संहितेत आहेच, पण जब्बार पटेलांच्या त्या प्रयोगात डोळ्यांना चिकटून बसते ती ब्राह्मणांची रांग. गाणी म्हणत, डुलत, ताल धरत उभी असलेली. ती प्रेक्षकांकडे पाठ करते तेव्हा भिंत होते आणि भिंतीमागे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. वळली की तीच माणसं गर्दी होतात, कुजबुज होतात, कीर्तनातले श्रोते होतात, शेवटी दगड उचलणारा जमावही होतात. आणि सगळा वेळ चंदावरकरांचं ते संगीत असं, की आपलाही पाय ठेका धरतो. आपण त्या रांगेच्या तालावर डुलतोय हे जरा उशिराच ध्यानात येतं.

कोतवाल झाल्यावर घाशीराम पुण्यात परवाने सुरू करतो. उठायला, बसायला, फिरायला परवाना. यादी वाढत वाढत इतकी हास्यास्पद होते की चोरी करायलाही परवाना हवा. थिएटरात हशा पिकतो. पण परवान्याची खरी गंमत त्या यादीत नाही. परवाना आला की तो तपासणारा आला, तपासणाऱ्याची ओळख काढणारा आला, माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही म्हणून मान वर करून चालणारा आला. घाशीराम एकटा असतो, नाना वाड्यात असतो. गाव चालवतात ते हे लोक.

मूळ इतिहासातला घाशीराम १७९१ साली मारला गेला. कोंडून ठेवलेले ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले आणि ज्या गावावर त्याने वचक बसवला होता त्या गावाने त्याला दगडांनी ठेचलं. नाटकात त्यानंतर नाना उत्सव जाहीर करतो आणि रांग पुन्हा डुलायला लागते. घाशीराम गेला, परवाने लिहिणारे, तपासणारे, बाजूला उभं राहून बघणारे सगळे जागच्या जागी. भिंतीला ओरखडाही नाही.

त्या नाटकाचं पुढे जे झालं तेही याच विषयात बसतं. ते काही सरकारी हुकमाने थांबलं नव्हतं. एकोणीस प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या संस्थेच्याच वडीलधाऱ्यांनी ते थांबवलं. मग कलाकार मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी निघाली आणि नाटक पुन्हा उभं राहिलं.

आता आमच्या सोसायटीकडे येते. कोथरूडच्या पुढे, बावधनच्या बाजूला आम्ही राहतो. गेटवर कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवणारं अ‍ॅप आता बहुतेक ठिकाणी आहे, तसं आमच्याकडेही आहे. कुरिअरवाला आला की माझा फोन वाजतो, मी ‘अ‍ॅप्रूव्ह’ दाबते, तो आत येतो. सोय आहे, नाकारायचं कारण नाही. पण याच अ‍ॅपमध्ये आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचं एक पान आहे. त्यावर त्यांचा फोटो, त्या किती वाजता आत आल्या, किती वाजता गेल्या, कोणकोणत्या घरी जातात आणि त्यांना मिळालेले तारे. हो, तारे. हॉटेलला देतात तसे. एका ताईंनी दोन तारे दिले होते आणि त्याचं कारणही लिहिलं होतं : ‘बोलते फार.’

मावशींना मी दिवाळीच्या आधी एक जुना पण चांगला कुकर दिला. थोड्या वेळाने गेटवरून फोन.

“मॅडम, तुमच्या मावशींच्या पिशवीत कुकर आहे. गेटपास टाकला नाही तुम्ही.”

“अहो, मीच दिलाय तो.”

“तसं नाही चालत मॅडम. अ‍ॅपमध्ये टाका, फोटो जोडा. मग सोडतो.”

वॉचमन मराठवाड्यातला तरुण मुलगा आहे, बोलायला अतिशय मऊ. त्याच्याही फेऱ्यांची नोंद होते. इमारतींच्या कोपऱ्यांवर चिप लावल्या आहेत, रात्री ठरलेल्या वेळी प्रत्येक चिपला फोन टेकवावा लागतो. त्याच्यावर सुपरवायझर, सुपरवायझरवर एजन्सी, एजन्सीवर आमची कमिटी, आणि कमिटीवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे आम्ही सगळे. मी गेटपास टाकला. दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं, राग नाही का येत? भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या, “ताई, राग यायचा पहिल्यांदा. आता मी रिकामी पिशवी असली तरी उघडूनच धरते. विचारायच्या आधी दाखवलं की लवकर सुटतं.”

‘विचारायच्या आधी दाखवलं की लवकर सुटतं.’ मी शेल्फवरची सगळी पुस्तकं मनातल्या मनात चाळून पाहिली. इतकं नेमकं वाक्य त्यांत सापडलं नाही.

इथे ऑर्वेलशी माझं एक भांडण आहे. त्याच्या कादंबरीतल्या ओशनिया देशात कष्टकऱ्यांवर, म्हणजे ज्यांना तो प्रोल म्हणतो त्या पंच्याऐंशी टक्के लोकांवर, पाळत जवळपास नाहीच. त्यांच्या बहुतेक घरांत टेलिस्क्रीनसुद्धा नाही. पाळत आहे ती पक्षातल्या पांढरपेशांवर. पुण्यात मात्र कॅमेरा सर्व्हिस लिफ्टमध्ये आधी लागतो. आमच्या पिशव्या कुणी उघडत नाही. आम्हाला तारे कुणी देत नाही; मावशींना तशी सोय असती तर आमच्या मजल्यावरच्या काही घरांचं काही खरं नव्हतं. ऑर्वेल स्वतः बर्मात पाच वर्षं पोलिसात नोकरी करून आलेला माणूस, कुणाच्या पिशव्या उघडल्या जातात हे त्याला चांगलं ठाऊक असणार. तरी कादंबरी लिहिताना त्याने पांढरपेशांची भीती लिहिली, कदाचित वाचणारे तेच असणार म्हणून.

कुणी म्हणेल, पुण्याला हे नवीन का आहे? दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, कट्ट्यावर बसू नये, जिन्यात गप्पा मारू नयेत. पेठांतल्या पाट्यांनी पिढ्यान् पिढ्या लोकांना शिस्त लावली. मला तो प्रकार निराळा वाटतो. पाटीमागे एक तिरसट म्हातारा असायचा, त्याच्याशी भांडता यायचं. भर चौकात त्याचा उद्धार करता यायचा, आणि तोही गॅलरीतून तितक्याच जोरात परतफेड करायचा. मावशींच्या गेटपासबद्दल मी कुणाशी भांडू? वॉचमन म्हणतो अ‍ॅप, सेक्रेटरी म्हणतात ठराव, ठराव म्हणतो सर्वानुमते. त्या ‘सर्व’मध्ये मीही होते. सभेला गेले नव्हते, म्हणजे होतेच.

न्याय म्हणून एक गोष्ट मान्य करायला हवी. ही सगळी यंत्रणा निव्वळ हौसेतून उभी राहत नाही, तिच्यामागची भीती बऱ्याचदा खरी असते. जर्मन बेकरीत २०१० साली स्फोट झाला, २०१२ साली जंगली महाराज रस्त्यावर झाले. त्यानंतर चौकाचौकांत कॅमेरे हवेत असं म्हणणाऱ्यांत मीही होते आणि आजही ते काढा म्हणणार नाही. आमच्याच सोसायटीत घरफोडी झाली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गेटवरच्या नोंदीचा आधार वाटतो. कादंबऱ्यांमध्ये ही भीती बहुतेकदा सत्तेने पढवलेली, बनावट असते. लेखकाला तेवढी सवलत मिळते. पुण्याच्या इतिहासात ती मिळत नाही.

१८९७ ची प्लेगची साथ खरी होती, माणसं पटापट मरत होती. त्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, फक्त चार कलमांचा. त्याच्या जोरावर रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर पुण्यातल्या घराघरांत शिरले, देवघरं, माजघरं काही सोडलं नाही, संशय आला की माणसांना उचलून छावणीत नेलं. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं ते शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. पण चापेकर सापडले कसे, तिथपर्यंत धडा सहसा जात नाही. सरकारने वीस हजारांचं बक्षीस लावलं होतं आणि माहिती दिली ती पुण्यातल्याच द्रविड बंधूंनी, ओळखीतल्याच माणसांनी. त्या द्रविडांनाही पुढे १८९९ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या, याच गावात. रँड इंग्लंडहून आला होता, हे बाकीचे कुठून आले होते?

त्याच साथीत, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता प्लेगने गेल्या. तारीख १० मार्च. भीती तीच होती, गाव तेच होतं. एकीकडे शेजाऱ्याच्या घरात शिरून काखेतली गाठ शोधणारे हात, आणि दुसरीकडे गाठ आलेल्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे निघालेली बाई. वाईट भविष्याच्या कादंबऱ्यांमध्ये मला हे दुसरं चित्र क्वचित सापडतं. त्यांतलं बंड बहुतेकदा प्रेमप्रकरणातून होतं, डायरी लिहून होतं, पळून जाऊन होतं. कुणी कुणाला उचलून नेत नाही.

तोच चार कलमांचा कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर निघाला. घरात विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. ते सरकारी होतं, त्यामागे डॉक्टरांचं काही म्हणणं होतं. पण सरकारने सांगितलं नव्हतं तेही आमच्या ग्रुपवर होत होतं. कुणाच्या दारावर कागद लागला त्याचा फोटो, कोण खाली चालायला उतरलं त्याचा फोटो, वरच्या गॅलरीतून झूम करून काढलेला. टाळेबंदी उठली, सरकारी नियम गेले. आमचे काही नियम राहिले. मावशींची वेगळी लिफ्ट ही त्यातलीच एक शिल्लक. ती कुठल्या विषाणूसाठी आहे हे आता कुणी विचारत नाही.

झाम्यातिनबद्दल एक-दोन ओळी लिहायलाच हव्यात, कारण ऑर्वेलच्या आधी तो होता आणि ऑर्वेलने त्याला वाचलं होतं. तो रशियन जहाजबांधणी इंजिनियर. त्याने १९२०-२१ मध्ये ‘वी’ लिहिली, ती १९२४ मध्ये अमेरिकेत इंग्रजीत छापली गेली आणि त्याच्या स्वतःच्या देशात यायला १९८८ उजाडलं. तिच्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची, सगळ्यांना सगळं दिसणारी. पडदा ओढायचा तर गुलाबी कुपन लागतं. जेवताना प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा, सगळ्यांनी एकाच वेळी. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला मी ही कादंबरी दिली. त्याच्या कंपनीची इमारत काचेची आहे, गळ्यात नंबराचं कार्ड आहे, आणि दिवसाचे तास कुठल्या खात्यावर टाकले याची टाइमशीट शुक्रवारी भरायची असते. त्याने दोन दिवसांत पुस्तक परत आणून दिलं आणि म्हणाला, “मावशी, यात कुपन मिळतं तरी.”

इशिगुरोच्या ‘नेव्हर लेट मी गो’ची (२००५) मुलं मला याहून जास्त छळतात. अवयव काढून घेण्यासाठीच वाढवलेली ती माणसं मोठी झाल्यावर गाडी चालवतात, हमरस्त्यावर चहा प्यायला थांबतात, कुणीही मागे नाही, कुंपण नाही, आणि तरीही पळून जात नाहीत. आपल्यातल्याच दुसऱ्यांची शुश्रूषा करण्याचं काम मिळालं तर ते मन लावून करतात, आपण ते किती चांगलं करतो याचा अभिमान बाळगतात. वाचक चिडतो : अरे, पळा ना! त्यांच्या डोक्यात ते येतच नाही.

गेल्या सर्वसाधारण सभेत आमच्या मजल्यावरच्या दोघींनी आणि मी मिळून विषय मांडला, की कामवाल्या बायकांचे तारे आणि गेटपास बंद करावेत. तो आला पार्किंगनंतर, म्हणजे लोक उठायला लागल्यावर. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, गेटपास ठेवा, पण मग सगळ्यांना ठेवा. आपणही बाहेर जाताना पिशव्या उघडून दाखवू, काय हरकत आहे? लोक हसले. सेक्रेटरी म्हणाले, “काका, आपलं घर आहे हे.” मग हात वर करायला सांगितलं तेव्हा प्रत्येक जण आधी इतरांचे हात बघत होता. मोजणी झालीच नाही. अ‍ॅपच्या कंपनीला विचारून कळवतो असं ठरलं.

पंधरवड्याने ग्रुपवर कंपनीचं उत्तर आलं. हे फीचर पॅकेजमध्येच येतं, एका सोसायटीपुरतं काढता येत नाही. तुम्हाला तारे द्यायचे नसतील तर देऊ नका. आधी दिलेले मात्र तसेच दिसत राहतील. खाली सात जणांनी अंगठा दाखवला होता.